बर्फी दिवसभर भुंकते. लहान जातीच्या कुत्र्यांच्या भुंकण्यावर कुणी काही उपाय केलाय का?

सदाफुली | २ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. प्राण्यांवरच्या धाग्यांवर मी आजवर फक्त वाचक होते, आज मदत मागायला आले आहे.

आमच्याकडे साडेतीन वर्षांची बर्फी आहे. घरी आणली ती पॉमेरेनियन म्हणून, पण डॉक्टरांच्या मते ती इंडियन स्पिट्झ. वजन सहा किलो. पुण्यात सिंहगड रस्त्याला पाचव्या मजल्यावर राहतो, आमचं दार लिफ्टला अगदी लागून. मी आणि नवरा सकाळी नऊला बाहेर पडतो ते संध्याकाळी साडेसातला परततो. दिवसभर घरात सासूबाई (वय ७६) आणि बर्फी.

बर्फी लिफ्ट थांबली की भुंकते, बेल वाजली की भुंकते, कबुतर बसलं की भुंकते, खाली गेटपाशी दुसरं कुत्रं दिसलं तर विचारूच नका. एकदा सुरू झाली की पाच-सात मिनिटं थांबत नाही. काल सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कुत्र्याचा बंदोबस्त करा' असा मेसेज आला. त्याचं मला तितकं वाटलं नाही. पण समोरच्या फ्लॅटमधल्या ताई हॉस्पिटलात नर्स आहेत, रात्रपाळी करून दिवसा झोपतात. त्या ग्रुपवर काही बोलल्या नाहीत. आज स्वतः दारात आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मला चार तास तरी सलग झोप मिळू द्या हो." त्यांचे डोळे लाल झाले होते. तेव्हापासून मला चैन नाही.

करून पाहिलेले उपाय: ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं, तोंडावर पाण्याचा फवारा. फवाऱ्याने दोन दिवस गप्प झाली, आता बाटली दिसली की सोफ्याखाली जाऊन तिथून भुंकते. भुंकलं की झटका देणारा पट्टा ऑनलाइन मिळतो, तो बघून ठेवलाय पण मन होत नाही. ओळखीच्या एकांनी तर आवाज काढून टाकायचं ऑपरेशन सुचवलं. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

---

अबोली_फूल | २ जुलै, रात्री ११:४२

सदाफुली, पट्टा घेऊ नकोस. आमच्या शिह त्झूचं गॅलरीतलं भुंकणं एका साध्या गोष्टीने निम्म्यावर आलं. गॅलरीच्या काचेला खालून अडीच फुटांपर्यंत दुधी रंगाची फिल्म चिकटवली. उजेड येतो, रस्ता दिसत नाही. बाकीचे जाणकार सांगतीलच.

---

दुपारचा_चहा | ३ जुलै, सकाळी ७:१५

सोसायटीच्या मेसेजला घाबरू नका. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाळीव प्राणी ठेवायला सोसायटी बंदी घालू शकत नाही आणि कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नका असंही सांगू शकत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद तेवढी जवळ ठेवा.

---

खिडकीतून | ३ जुलै, सकाळी ८:०३

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या वरच्या मजल्यावर एक चिवावा आहे. वडिलांचं बायपास झालं तेव्हा ते घरी झोपून होते आणि दुपारभर ते भुंकणं चालायचं. कायदा मालकाच्या बाजूने आहे हे मलाही माहीत होतं, पण वडिलांचा त्रास त्याने कमी होत नव्हता. त्या घरातली मुलगी एक दिवस खाली आली आणि म्हणाली, "काकू, आम्ही शिकवतोय त्याला, दीड-दोन महिने लागतील. फार झालं तर मला फोन करा." आवाज लगेच काही कमी झाला नाही, तरी आमचं तळमळणं थांबलं, कारण कुणीतरी दखल घेतली होती. तुम्ही समोरच्या ताईंना असंच सांगा. त्यांच्या ड्युटीचा तक्ता मागून घ्या.

---

रानवाट | ३ जुलै, दुपारी २:३०

मी जनावरांचा डॉक्टर. साताऱ्याकडे बावीस वर्षं प्रॅक्टिस. सुरुवातीला गाई-म्हशीच असायच्या, आता निम्मे पेशंट कुत्री-मांजरं.

सदाफुलीताई, उपाय नंतर बघू. आधी दोन कामं.

पहिलं, बर्फीला तुमच्या डॉक्टरांकडे नेऊन नीट तपासून घ्या. कान, दात, गुडघे आणि घसा. कान ठणकत असेल किंवा दाढ किडली असेल तर कुत्रं चिडचिडं होतं आणि एरवी सोडून दिल्या असत्या अशा आवाजांवर भुंकतं. लहान जातींत हिरड्यांचे आजार आणि गुडघ्याची वाटी सरकणं हे नेहमीचं. घशाचं मुद्दाम सांगतो. स्पिट्झ-पॉमेरेनियन कुत्र्यांत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या सैल पडण्याची प्रवृत्ती असते. भुंकून भुंकून शेवटी बदकासारखा 'क्वँक क्वँक' खोकला येत असेल तर लगेच सांगा. तसं असो वा नसो, गळ्यातला पट्टा काढा आणि छातीवर बसणारा हार्नेस आणा.

दुसरं, चार दिवस वही ठेवा. बर्फी कधी भुंकली, त्याआधी काय झालं, आणि भुंकल्यावर घरातल्या माणसांनी काय केलं. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी भरत नाही.

आणि आवाजाचं ऑपरेशन हा विषय डोक्यातून काढून टाका. स्वरतंतू कापून भुंकण्याचं कारण जात नाही. भीती तशीच राहते, फक्त ती सांगायची सोय जाते. जखमेचा व्रण वाढून श्वासाची वाट अरुंद होण्याचा धोका वेगळाच. मी ते कधी केलं नाही, करणारही नाही.

---

सदाफुली | ३ जुलै, रात्री १०:२०

डॉक्टर, मनापासून आभार. खोकला तसा नाही, पण शनिवारी तपासून आणते. वही सासूबाई ठेवणार आहेत. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, हजेरीपट आखल्यासारखे रकाने आत्ताच आखून झाले.

खिडकीतून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लगेच समोर जाऊन आले. ताईंनी महिन्याच्या ड्युटीचा फोटो पाठवला.

---

विदर्भवारा | ४ जुलै, दुपारी १२:४८

आमचा टिंगू म्हणजे डॅशहुंड. नागपुरात बंगला आहे, अंगण आहे, तरी भुंकणं असं की चौकापर्यंत ऐकू जाते. खूप वर्षं वाटायचं आमचंच काही चुकते. मग कळलं की ही जात जर्मनीत बिळात राहणाऱ्या बॅजरच्या शिकारीसाठी तयार केलेली. कुत्रा जमिनीखाली घुसणार, आणि कुठे खणायचं ते वरच्या शिकाऱ्याला त्याच्या भुंकण्यावरून कळणार. म्हणजे मोठा आवाज आणि न थांबणारा आवाज, दोन्ही माणसानेच निवडून निवडून घडवले.

ल्हासा अप्सोचंही तसंच. तिबेटात मठांच्या आतल्या भागात राखण करायचं काम त्यांच्याकडे होतं, कुणी परकं आलं की ओरडून सांगायचं. स्पिट्झ तर राखणीचेच. पॉमेरेनियन पूर्वी बरेच मोठे असायचे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून लहान चणीचे आणले आणि पुढे त्यांना आणखी लहान करायची चढाओढ लागली. अंग लहान झालं, काम डोक्यात तेच राहिलं. हे वाचल्यापासून टिंगूवर माझा राग येणं बंद झालं, इतकंच सांगायचं होतं.

---

सदाफुली | ८ जुलै, रात्री ९:५५

तपासणी झाली. कान, घसा ठीक. मागच्या दोन दाढांवर कीटण जमलंय, ते पुढच्या महिन्यात काढायचं आहे. वजन एक किलोने जास्त.

वहीतला पहिला दिवस जसाच्या तसा देते. एकूण ४१ वेळा. लिफ्ट किंवा जिन्यातला आवाज १९, दाराची बेल ६, गॅलरीतून काही दिसलं ७, आणि 'कारण नाही, माझ्याकडे बघून' ९.

तिसरा रकाना सासूबाईंनी अगदी प्रामाणिकपणे भरलाय. लिफ्टच्या १९ पैकी १५ वेळा 'मी खुर्चीतून ओरडले, बर्फे गप बैस'. बेलच्या सहाही वेळा 'उचलून घेऊन दार उघडलं'. आणि शेवटच्या नऊपुढे नऊदा एकच शब्द: 'बिस्किट'.

वही दाखवताना त्या म्हणाल्या, "अगं, मीच शिकवलं की काय तिला?" बाकीचे तीन दिवसही थोड्याफार फरकाने असेच आहेत.

---

रानवाट | ९ जुलै, दुपारी ३:१०

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. इतकी चांगली वही मी फार थोड्या घरांतून पाहिली आहे. आणि त्यांना सांगा, दोष कुणाचाच नाही. कोणत्या घरात असं होत नाही?

वहीत चार वेगळी भुंकणी दिसतात. आपण सगळ्यांना भुंकणं हा एकच शब्द वापरतो आणि सगळ्यांवर एकच उपाय शोधतो, म्हणून उपाय फसतात. हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये मुडी जातीच्या कुत्र्यांची भुंकणी रेकॉर्ड करून लोकांना ऐकवली होती. परका माणूस आला तेव्हाचं, एकटं बांधून ठेवलं तेव्हाचं, खेळतानाचं. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही नुसत्या आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता आलं. सासूबाईंना तर चार दिवसांत नक्की येत असेल. विचारून बघा, लिफ्टचं भुंकणं आणि बिस्किटाचं भुंकणं वेगळं ऐकू येतं की नाही.

लिफ्टचं भुंकणं. लिफ्ट येते, बर्फी भुंकते, लिफ्ट निघून जाते. तिच्या दृष्टीने तिने हाकलून लावली. दिवसातून एकोणीस वेळा हेच घडतं, आणि प्रत्येक वेळी तिची खात्री वाढते. त्यात सासूबाई मागून ओरडतात, म्हणजे घरातली मोठी माणसंही तिच्या सुरात सूर मिळवतात असं तिला वाटतं. ओरडणं आजपासून बंद.

लिफ्टसाठी आधी अंतर वाढवायचं. बर्फीची गादी दाराजवळ असेल तर आतल्या खोलीत न्या, मधलं दार लावा. दाराजवळ काहीतरी एकसुरी आवाज चालू ठेवा, पंखा किंवा रेडिओ. आपल्याला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्यांना त्याच्या दुपटीहून अधिकपर्यंत ऐकू येतं, त्यामुळे आवाज पूर्ण झाकणार नाही. पण टोक बोथट होतं.

मग धडा. तुम्ही घरी असाल तेव्हा, दोन-तीन मिनिटांचा. लिफ्टचा 'टिंग' फोनवर रेकॉर्ड करा. अगदी हळू, बर्फीचे कान हलतील पण ती उठणार नाही एवढ्याच आवाजात लावा. टिंग झाल्यावर लगेच खाऊचा एक कण जमिनीवर. आठ-दहा वेळा, की झालं. दुसऱ्या दिवशी ती सैल असेल तरच आवाज एक घर वाढवायचा. भुंकली तर आपली घाई झाली असं समजून मागे यायचं. बेलसाठीही हेच, फक्त खाऊ दारापासून लांब, एका ठरलेल्या सतरंजीवर पडायला हवा. महिन्याभरात बेल वाजली की ती सतरंजीकडे धावेल.

गॅलरीला अबोलीताईंची फिल्म. त्यात मला आणखी काही सांगायचं नाही.

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. गाजर चालेल. द्राक्षं-बेदाणे चुकूनही नकोत, कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकतात.

---

सदाफुली | ९ जुलै, रात्री १०:०५

डॉक्टर, एक शंका. मला हे समजत नाहीये. सासूबाई बिस्किट देतात म्हणून ती भुंकते, असं वही म्हणते. आणि तुम्ही म्हणता लिफ्ट वाजली की खाऊ द्या. समजा लिफ्ट वाजली, मी खाऊ देईपर्यंत ती भुंकलीच, तर मी भुंकण्याचंच बक्षीस देते ना?

---

रानवाट | १० जुलै, सकाळी ६:५०

मला वाटत होतं हा प्रश्न यावा. या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

लिफ्टला बर्फी भुंकते ती धास्तीने. धास्ती ही भावना आहे, ती खाऊने वाढत नाही. ढगांच्या गडगडाटात घाबरलेल्या नातवाला तुम्ही कुशीत घेऊन लाडू दिलात, म्हणून पुढच्या वेळी तो लाडवासाठी मुद्दाम घाबरत नाही. उलट गडगडाटाबरोबर लाडू आठवायला लागतो. आपल्याला लिफ्टचा अर्थ बदलायचा आहे, 'परका आला' याऐवजी 'आता चिकन येणार'. अर्थ बदलला की भुंकणं आपोआप गळून पडतं. म्हणून एखाद्या वेळी ती भुंकली तरी खाऊ द्या, फक्त पुढच्या वेळी आवाज कमी ठेवा.

सासूबाईंकडे बघून भुंकते तेव्हा ती घाबरलेली नसते. ती मागत असते. तिथे भुंकणं हे नाणं आहे आणि बिस्किट हा माल. माल मिळतोय तोवर नाणं चालणार. म्हणजे तोच खाऊ एका भुंकण्यावर औषध आहे आणि दुसऱ्यावर खतपाणी. कोणतं भुंकणं कोणतं, हे ओळखण्यासाठीच वही.

मागण्याच्या भुंकण्याला तीन गोष्टी बंद: बघणं, बोलणं, देणं. मान दुसरीकडे वळवायची. ती गप्प झाली की मनात तीन अंक मोजून मग लक्ष द्यायचं, हळूहळू तिनाचे दहा करायचे. पण आधीच सांगून ठेवतो, पहिले चार-पाच दिवस भुंकणं वाढेल. इतकी वर्षं चाललेलं नाणं आज का चालत नाही म्हणून ती आणखी जोरात वाजवून बघणार. त्या वेळी कुणी दया येऊन बिस्किट दिलं, तर ती इतकंच शिकेल की पूर्वी दहादा भुंकावं लागायचं, आता चाळीसदा. म्हणून समोरच्या ताईंची रात्रपाळी नसेल तो आठवडा बघूनच सुरू करा.

बिस्किटांचा हिशेबही देतो. साध्या मारी बिस्किटात साधारण २५ कॅलरी. बर्फीच्या चणीच्या, घरात बसून असणाऱ्या कुत्रीला दिवसाला साडेतीनशेच्या आसपास पुरतात आणि वरच्या खाऊचा वाटा त्यातला दहावा हिस्सा असावा. नऊ बिस्किटं म्हणजे सव्वादोनशे. वाढलेलं किलो बहुतेक तिथूनच आलं.

---

अबोली_फूल | १० जुलै, सकाळी ९:३०

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आमच्याकडे बेलचं आणि मागण्याचं भुंकणं आम्ही सहा महिने एकाच पद्धतीने हाताळत होतो.

---

ऱ्हाईनकाठ | ११ जुलै, रात्री १२:१५

इकडे जर्मनीत आमच्याकडे मिनिएचर पिंशर आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि शेजारी ती फार काटेकोरपणे पाळतात. झटक्याचे पट्टे इथे वापरता येत नाहीत, वेल्समध्ये तर २०१० पासून तसा स्वतंत्र नियमच आहे. त्यामुळे शॉर्टकट हाताशी नव्हता आणि शिकवावंच लागलं, याचं आता बरं वाटतं.

दोन गोष्टी सांगते. आमच्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हा कुत्रा पस्तीस किलोचा असता तर तुम्ही हे चालवून घेतलं असतं का?" मी गप्प बसले. लॅब्रॅडॉर पाहुण्यावर धावून गेला तर आपण त्याच दिवशी काहीतरी करू, अडीच किलोचा धावून गेला तर उचलून घेतो आणि हसतो. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बाराशेहून अधिक मालकांची पाहणी केली, त्यात लहान कुत्र्यांचे मालक नियमांत कमी सातत्य ठेवतात आणि कुत्र्याबरोबर कमी गोष्टी करतात असं दिसलं. सदाफुली, सासूबाई बेलला बर्फीला उचलतात असं तू लिहिलंस म्हणून हे आठवलं. उचललं की ती पाहुण्याच्या तोंडासमोर येते आणि लांब जायची तिची वाट बंद होते. उचलू नका.

दुसरं, फिरायला नेता तेव्हा तिला हुंगू देता का? आम्ही आधी चालायला न्यायचो, घड्याळ बघून. आता अर्ध्या तासात दोन गल्ल्याही होत नाहीत, तो प्रत्येक खांब हुंगतो आणि घरी येऊन गाढ झोपतो.

---

सदाफुली | १७ जुलै, रात्री १०:४०

हा आठवडा फार वाईट गेला. सोमवारपासून बिस्किट बंद केलं. सोमवारी मागण्याची भुंकणी १४, मंगळवारी २२, बुधवारी ३१. बुधवारी दुपारी सासूबाईंचा मला ऑफिसात फोन आला, रडत होत्या. "ती माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून बघते गं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच आहे. तिच्याकडे पाठ कशी फिरवू?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यात बसून होते. त्या दोघी दहा-दहा तास बंद दाराआड असतात आणि ते नऊ बिस्किटांचं देणं-घेणं हाच त्यांचा संवाद होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही ते काढून घेतलं, त्या जागी दिलं काहीच नाही.

आता काय करू?

---

रानवाट | १८ जुलै, सकाळी ६:३५

चूक माझी. 'हे करू नका' असं सांगितलं आणि 'त्याऐवजी हे करा' सांगायला विसरलो. दोघींनाही काम द्यायला हवं होतं.

बर्फीचं दिवसाचं खाणं वाटीत देणं बंद करा. त्याचे सहा भाग करून डब्या भरून सासूबाईंच्या खुर्चीजवळ ठेवा. दर दीड तासाने, बर्फी गप्प असताना, *मागितलेलं नसताना*, सासूबाईंनी एक डबी उघडायची. कधी जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून गाठ मारायची, कधी अंड्याच्या रिकाम्या ट्रेमध्ये टाकून वर कागदाचे बोळे, कधी नुसते सतरंजीवर विखरायचे. सगळं बसल्याजागी होतं, गुडघ्यांना त्रास नाही. नाकाने शोधून खाण्यात कुत्रं जेवढं दमतं तेवढं धावून दमत नाही.

आणि त्या शिक्षिका होत्या ना? एक विद्यार्थिनी द्या त्यांना. 'बस', 'हात दे', 'सतरंजीवर जा'. रोज पाच मिनिटं सकाळी, पाच दुपारी. बर्फीकडे पाठ फिरवायची वेळच कमी येईल.

---

खिडकीतून | १८ जुलै, सकाळी १०:१२

सदाफुली, सासूबाईंना माझ्याकडूनही सांग, फार थोडे दिवस राहिलेत. वरच्या घरात आकडा असाच चढून मग उतरला होता.

---

जुनाघाट | २६ जुलै, रात्री ११:३०

धाग्याशी थोडं वेगळं, पण इथेच विचारतो. ठाण्यात राहतो. आमचा पॉम तेरा वर्षांचा. आयुष्यभर शांत होता. दोन महिन्यांपासून रात्री दोन-तीनला उठतो, भिंतीकडे तोंड करून भुंकतो, कधी दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहतो जणू तिकडूनच दार उघडणार. याला काय शिकवायचं?

---

रानवाट | २७ जुलै, सकाळी ७:००

याला शिकवायचं काही नाही, याला सांभाळायचं आहे. माणसांसारखी कुत्र्यांनाही म्हातारपणी विस्मृती येते. दिवस-रात्र उलटी होणं, कोपऱ्यात अडकणं, बिजागरीकडे उभं राहणं ही त्याची नेहमीची लक्षणं. पण आधी रक्त-लघवी, रक्तदाब, डोळे, कान, सांधे तपासून घ्या, यातलं काहीही रात्री उठवू शकतं. औषधं आणि आहाराने काही कुत्र्यांना बराच आराम पडतो. रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा ठेवा, फर्निचर हलवू नका, त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी घ्या. उठला तर रागावू नका, हळू हात ठेवा. ऐकू कमी येत असेल तर मागून एकदम हात लावू नका.

---

जुनाघाट | २७ जुलै, सकाळी ७:४०

आजच नेतो. काल रात्री मी त्याच्यावर ओरडलो होतो. धन्यवाद डॉक्टर.

---

सदाफुली | १४ ऑगस्ट, रात्री ९:२०

इतके दिवस लिहिलं नाही, कारण वही भरत होते.

आकडा उतरला. पाचव्या दिवशी ३१ वरून १७, दहाव्या दिवशी ६. या आठवड्यात मागण्याचं भुंकणं दिवसाला एक किंवा दोन. लिफ्टचं १९ वरून ७. ताईंची रात्रपाळी असते तेव्हा दुपारी बर्फी मागच्या बेडरूममध्ये, दाराशी सासूबाईंचा रेडिओ. गॅलरीला फिल्म लावल्यापासून तो रकाना जवळजवळ कोराच. बेलचं अजून जमलं नाही. रेकॉर्डिंगवर सतरंजीकडे पळते, खरी बेल वाजली की सगळं विसरते.

सासूबाईंनी डब्यांवर 'पहिला तास', 'दुसरा तास', 'मधली सुट्टी' अशा चिठ्ठ्या लावल्यात. दुसरीतला धाकटा पुतण्या शनिवारी येऊन 'बर्फीची परीक्षा' घेतो.

नवी काळजी म्हणजे गणपती. आमच्याकडे नदीपात्रातल्या ढोल पथकांचा सराव संध्याकाळी स्पष्ट ऐकू येतो. बर्फी थरथरते आणि पलंगाखाली जाते.

---

रानवाट | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

बेलसाठी: खऱ्या बेलला माणूसही असतो, वासही असतो, तुमची गडबडही असते. रेकॉर्डिंगमध्ये नुसता आवाज. म्हणून मधली पायरी घ्या. तुमच्यातल्याच एकाने बाहेर उभं राहून खरी बेल वाजवायची, आत यायचं नाही. मग वाजवून आत यायचं. मग शेजारच्यांना विनंती करायची.

ढोलांसाठी: पलंगाखाली जायला आवडतंय तर तिथेच जाड गोधडी, पाणी आणि खाऊ ठेवा, बाहेर ओढू नका. सरावाच्या वेळेआधी फिरवून आणा. खिडक्या बंद. ऐन मिरवणुकीच्या आणि दिवाळीच्या दिवसांसाठी तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला. भीती कमी करणारी औषधं असतात, पण ती आधी एकदा शांत दिवशी देऊन बघावी लागतात. घरातली माणसांची झोपेची गोळी कधीही देऊ नका.

---

विदर्भवारा | १५ ऑगस्ट, सकाळी ११:००

टिंगूलाही टॉवेलातले दाणे सुरू केले. पहिल्या दिवशी टॉवेलच फाडला. आता गाठ सोडतो.

---

सदाफुली | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

धागा वर काढते, कारण काही जणांनी निरोप पाठवून विचारलं.

आज रविवार. दुपारी तीनला खरी बेल वाजली. समोरच्या ताई होत्या, फराळाच्या चकल्या घेऊन. बर्फी दोनदा भुंकली, थांबली, सासूबाईंकडे बघितलं आणि सतरंजीवर जाऊन बसली. सासूबाईंच्या हातात तेव्हा वही होती, खाऊ नव्हता. त्या चष्मा न काढताच उठल्या, गुडघा धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि चिकनचा तुकडा आणून सतरंजीवर ठेवला. ताईंना तेवढा वेळ दारात थांबावं लागलं.

वहीतली आजची नोंद: बेल १, भुंकणं २, उचललं नाही. शेरा: उत्तम.

दिवाळीसाठीची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली आहे, मागच्या आठवड्यात एका शांत दिवशी देऊन पाहिली. दाढांवरचं कीटण काढलं. वजन साडेपाच किलो. लिफ्टचं भुंकणं दिवसाला तीन-चारदा होतंच, आणि पाणी देणाऱ्या काकांवर तिचा राग का आहे ते अजून कळलेलं नाही. त्यांच्यासाठी वहीत उद्यापासून वेगळा रकाना आहे.